दोऱ्यानं बांधलेला परिच्छेद

७ ऑगस्ट

पंडिता,

तुझं पुस्तक काल छापखान्यात जुळवून संपलं. चौऱ्याऐंशी पानं. मालकांनी हस्तलिखित सरळ माझ्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाले, "अक्का, भावाचं अक्षर तुम्हीच लावा, आमच्या बापाला लागायचं नाही." खरंच आहे. तत्त्वज्ञानाचा एवढा मोठा प्राध्यापक, आणि अक्षर म्हणजे अजून कोंबडीचे पाय. लहानपणी मी छापखान्यातले शिशाच्या अक्षरांचे मोडके खिळे घरी आणून तुला अक्षरं शिकवली, म्हणून तुला उलटं वाचता येतं. लिहायला कुणी शिकवलं ते मला माहीत नाही, त्याचा दोष माझ्या माथी नको.

पुस्तक कसं वाटलं ते विचारू नकोस. जुळारी शब्द वाचत नाही, अक्षरं वाचतो. आमचे थोरले जुळारी होते, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरी, अर्थ लागायला लागला की हात चुकतो." चाळीस वर्षं मी ते पाळलंय. एकतिसाव्या पानावर मात्र हात थांबला. 'ध्येयाच्या स्पर्शाने भीती विरघळून जाते.' मी मनात म्हटलं, पालीला घाबरून माझ्या अंथरुणात येऊन झोपायचा, तोच का हा?

आता कामाचं. बोक्याला लष्कराचं बोलावणं आलंय. पुढच्या आठवड्यात जायचं आहे. तुझ्या भाच्याला चष्मा काढला की दहा हातांवर माणूस उभा आहे की खांब ते कळत नाही. नकाशे मात्र देखणे काढतो. लष्कराच्या नकाशा कचेरीचा साहेब तुझा जुना विद्यार्थी आहे असं तूच सांगितलं होतंस. त्याला दोन ओळी लिही. पोराला घरी बसवा असं मी म्हणत नाही, पण त्याच्या डोळ्यांना झेपेल असं काम द्या म्हणावं. तुझ्या पुस्तकाच्या विरुद्ध जात असेल तर पुस्तक मिटून लिही.

या बाबतीत मला चेष्टा सुचत नाही. त्याचे वडील गेल्यापासून मला तो एकच आहे.

तुझी अक्का

*

१९ ऑगस्ट

अक्के,

नमस्कार मनातल्या मनात मानून घे. पालीचा उल्लेख केलास तो इतर कुणाजवळ करू नकोस, सध्या माझी जरा प्रतिष्ठा आहे.

पहिली आवृत्ती आठवड्याच्या आत संपली! तुला आठवतं, माझं नीतिशास्त्रावरचं मोठं पुस्तक नऊ वर्षं गोदामात पडून होतं आणि त्याला वाळवी लागली तेव्हा तू म्हणालीस, चला, कुणी तरी वाचलं. आता रस्त्यात लोक थांबवतात. गेल्या आठवड्यात आम्ही चाळीस जणांनी राष्ट्राच्या नावे निवेदन काढलं. भाषा, इतिहास, वैद्यक, सगळ्या शाखांचे लोक. सही करताना गणिताच्या प्राध्यापकांचे डोळे भरून आले, ज्यांना मी पंचवीस वर्षांत हसतानाही पाहिलं नव्हतं.

तुला म्हणून सांगतो. पंचवीस वर्षं मी फळ्यावर 'कर्तव्य' हा शब्द लिहीत आलो आणि मुलं जांभया देत आली. आता तीच मुलं ताठ बसून ऐकतात. पलीकडचं राष्ट्र व्यापाऱ्यांचं आहे, त्यांना वस्तूची किंमत कळते. आपल्याला काही तरी पवित्र मानता येतं, एवढाच तर या लढाईचा मुद्दा आहे. आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय की माझा विषय जिवंत आहे.

मंत्रालयानं एक जबाबदारी सोपवली आहे. रणात पडलेल्यांच्या घरी जे पत्र जातं ते फार कोरडं असतं. त्यासाठी मी एक परिच्छेद लिहिला. छपाई तुमच्याकडेच येईल. सोबत पाठवतो: 'आपला पुत्र गेला असे मानू नका. तो एका देहातून निघून राष्ट्राच्या ध्येयात सामावला आहे. मरण माणसाला येते, ध्येयाला नाही. आपण त्यास जन्म दिलात. राष्ट्राने त्यास अर्थ दिला.' शेवटच्या वाक्यावर मी चार दिवस घालवले.

बोक्याची काळजी सोड. लिहितो म्हणजे लिहिलंच समज.

तुझा पंडित

*

१४ नोव्हेंबर

पंडिता,

तुझा परिच्छेद मी ऑगस्टअखेरीस जुळवला, तो अजून मोडलेला नाही. एरवी छपाई झाली की जुळणी मोडायची आणि एकेक खिळा आपापल्या खणात टाकायचा. पण जो मजकूर पुन्हा पुन्हा लागतो तो दोऱ्यानं आवळून जुळणीच्या दगडावर तसाच ठेवतात. लग्नपत्रिकांचा ठेवतात, दुकानांच्या पावत्यांचा ठेवतात. तुझाही ठेवलाय. वरची एक ओळ फक्त मोकळी असते. तिथे मी नाव जुळवते, एक प्रत छापतात, नाव काढते, दुसरं घालते. खालचा मजकूर तोच.

गेल्या आठवड्यात मशीनवाला ओरडत आला, छपाई फिकी येतेय म्हणून. शाई बदलून पाहिली. मग लक्षात आलं, खिळेच झिजलेत. 'ध्येय' शब्दावरची मात्रा तर दिसतच नव्हती. नवे खिळे घालून पुन्हा बांधला. चाळीस वर्षांत माझ्या हातची जुळणी झिजलेली मी पाहिली नव्हती.

आणखी एक सांगायचं आहे. मागच्या गल्लीत शिवणकाम करणारी एक बाई आहे, तिचा मुलगा गेल्याचं तिला त्याच कागदावरून कळलं. तू ओळखत नाहीस. कागद घेऊन ती छापखान्यात आली. रडणं नाही, आरडाओरडा नाही. म्हणाली, "हे ज्यांनी लिहिलं त्यांना विचाराल का, राष्ट्रानं अर्थ दिला म्हणता, तर आधी तेवीस वर्षं तो काय बिनअर्थाचा होता? मी गुरुवारी येते उत्तराला." गुरुवारी आली. मी म्हटलं, उत्तर आलं नाही. आता दर गुरुवारी येते, दारात उभी राहते, माझ्याकडे बघते आणि जाते. तेव्हा काही तरी लिही बाबा. माझी नजर वर होत नाही.

बोका नकाशा कचेरीत नाही. थेट पुढच्या फळीत पाठवलाय. तुझं पत्र पोचलेलं दिसत नाही. पुन्हा लिही. लगेच लिही.

तुझी अक्का

*

२ डिसेंबर

मामा,

हे पत्र आईला दाखवू नका.

परवा नकाशा कचेरीचे साहेब इकडे आले होते. मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, तुझ्या मामांची एक ओळ आली नाही, आली असती तर तुला आजच घेऊन गेलो असतो, नकाशे काढणारी माणसं मला हवीच आहेत. टपालात हरवलं असेल. आता पाठवलंत तरी चालेल. पाठवायचंच नसेल तरी मी समजू शकतो, तुमची अडचण होत असेल. पण आईला कळू देऊ नका. ती उखडली म्हणजे काय होतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत.

तुमचं पुस्तक इथे प्रत्येकाला फुकट मिळालंय. राग मानू नका, पण त्याचा कागद पातळ आहे आणि तंबाखू गुंडाळायला फार सोयीचा पडतो. आमची तुकडी चाळिसाव्या पानापर्यंत पोचली आहे. एकतिसावं पान मी एका सिगारेटच्या बदल्यात सोडवून घेतलं, ते वरच्या खिशात आहे. त्यावरूनच विचारायचं होतं. भीती विरघळते असं तुम्ही लिहिलंय, ती साधारण किती दिवसांनी? चेष्टा करत नाही, मी वाट बघतोय.

समोरच्या खंदकात एक जण आहे. रोज सकाळी लागोपाठ सात शिंका देतो, अगदी तुमच्यासारखा. आम्ही मोजतो. काल पाचच आल्या तर दिवसभर कुणाला चैन पडेना. आज पुन्हा सात आल्या. पुस्तकात ते लोक व्यापारी आहेत असं आहे. नुसत्या शिंकांवरून काही सांगता येत नाही.

चष्म्याची एक काच तडकली आहे. हेही आईला नको.

तुमचा बोका

*

५ जानेवारी

अक्के,

उशीर झाला, माफ कर. त्या शिवणकामवाल्या बाईंना सांग की 'अर्थ' हा शब्द तिथे फार व्यापक अंगाने घेतलेला आहे. व्यक्तीच्या आयुष्याला स्वतःचा अर्थ असतोच, पण तो विखुरलेला असतो, आणि राष्ट्र त्याला... जाऊ दे. सांग की मी विचार करतो आहे.

वर्गात आता अकरा मुलं उरली आहेत. हजेरीपट मात्र जुनाच आहे, अठ्ठेचाळीस नावांचा. हजेरी घ्यायला लागलो की सवयीनं सगळी नावं घेतो. पूर्वी गेलेल्याचं नाव आलं की मध्येच थांबायचो, ते जास्त वाईट वाटायचं. परवा असंच एक नाव घेतलं आणि मागच्या बाकावरून "हजर" असं आलं. स्पष्ट, नेहमीच्या कंटाळलेल्या सुरात. मान वर करून पाहिलं तर तो बाक रिकामा होता. अकराजण खाली बघत बसले होते. मी विचारलं नाही कुणी म्हटलं म्हणून. त्यांनाही ऐकू आलं असेल तर काय करायचं, आणि आलं नसेल तर काय करायचं? कारकून म्हणतो, नवा पट घ्या. मी टाळतो आहे.

मंत्रालयानं आणखी एक काम दिलंय. नावांची यादी छापखान्यात जाण्याआधी माझ्याकडे येते. नाव, हुद्दा, वारसाचा पत्ता, सगळं नीट लिहिलंय का ते बघायचं आणि सही करायची. यादीच्या कोपऱ्यात हिरव्या शाईतली सही दिसली की समज, ती माझी. म्हणजे पत्रं लिहिली नाहीत तरी आपली भेट होतच राहणार.

नकाशा कचेरीला पुन्हा पत्र टाकलं आहे. निश्चिंत राहा.

तुझा पंडित

*

३० जानेवारी

पंडिता,

पत्र पुन्हा टाकलंस हे वाचून जीव भांड्यात पडला. बोक्याचं पाच आठवड्यांत काही आलं नाही. मला वाटतं त्याची बदली चालू असेल, म्हणूनच उशीर.

शिवणकामवाल्या बाईला तुझं 'व्यापक अंगाने' सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मग गुरुवारी येते."

काल पलीकडच्या राष्ट्राच्या विमानांनी पत्रकं टाकली. आमच्या गच्चीवर ढीग पडला होता. मालक म्हणाले, न वाचता जाळा. मी एक खिशात घातलं. त्यांच्या विद्वानांचं निवेदन आहे, आपल्या भाषेत करून टाकलेलं. छपाई स्वच्छ, त्यांची शाई आपल्यापेक्षा बरी आहे. सह्यांमध्ये पहिली सही तुझ्या त्या दाढीवाल्या मित्राची. दोन उन्हाळे आपल्या घरी राहिलेला, बोक्याला खांद्यावर घेऊन अंगणभर घोडा होणारा तो. त्यातलं एक वाक्य उतरवून पाठवते: 'मातांनी आमच्या पुत्रांना जन्म दिला, राष्ट्राने त्यांना अर्थ दिला, समोर उभे आहेत ते केवळ व्यापारी.'

कुणी कुणाचं उचललं रे? की तुम्ही दोघं एकाच खणातून खिळे घेताय? मी अर्धा दिवस त्या कागदाकडे बघत होते. तिकडेही कुणी बाई हे दोऱ्यानं बांधून ठेवत असेल, आणि वरच्या ओळीत नावं घालत असेल. तिच्या हाताला सुद्धा शिसं लागून काळी पडलेली तीच दोन बोटं असणार.

तुला दुखवायला लिहीत नाही. मला खरंच भीती वाटली.

तुझी अक्का

*

११ फेब्रुवारी

अक्के,

तू काही दिवस इकडे राहायला ये. मागची खोली हिनं साफ करून ठेवली आहे. खिडकीत सकाळचं ऊन येतं. रजा तुझी बरीच साठली असेल. या महिन्यात जुळणीचं काम दुसऱ्या कुणाला तरी करू दे.

लगेच निघ. सामान फार आणू नकोस.

पंडित

*

१७ फेब्रुवारी

पंडिता,

काय रे, बरं आहे ना तुझं? तुझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं पत्र काल मिळालं. ना ध्येय, ना राष्ट्र, ना माझ्या शुद्धलेखनाची थट्टा. बायकोशी भांडून मला मध्यस्थीला बोलावतोयस की काय? की त्या दाढीवाल्याचं वाक्य लागलं मनाला? लागलं असेल तर बरं झालं, मी गोड मानून घेते.

यायला मला आवडलं असतं. उन्हात पाय पसरून बसावं असं फार दिवस मनात आहे. पण दुसरा जुळारी तापानं पडलाय आणि मी एकटीच आहे. आज चौसष्ट नावांची यादी आली, तुझ्या हिरव्या सहीची. दुपारपर्यंत सगळी जुळवून टाकली. हल्ली हात असा चालतो की नजर खिडकीबाहेर असली तरी बोटं खण शोधतात. अर्थ लागू द्यायचा नाही हा थोरल्या जुळाऱ्यांचा धडा इतका उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. प्रूफ उद्या वाचू.

बोक्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत, एक इकडे लांब, एक तिकडे आखूड. नकाशा कचेरीच्या पत्त्यावर पाठवू का? तुला काही कळलं असेल तर कळव.

तुझी अक्का

*

२० फेब्रुवारी

प्रूफ असं वाचतात. आमच्या छापखान्यातले चष्मेवाले काका छापलेलं मोठ्यानं वाचतात आणि मी मूळ यादीवर बोट ठेवून पुढे सरकते. एक्केचाळिसाव्या नावाला काका थांबले. मी म्हटलं, "चूक आहे का?" त्यांनी चष्मा काढून पुसला. मी म्हटलं, "काका, सांगा ना, खिळा बदलून आणते." तर म्हणाले, "नाही अक्का, चूक एकही नाही."

मग मी बोटाखाली काय आहे ते पाहिलं.

मीच जुळवलं होतं ते. जेवणाआधी, खिडकीतून बाहेर बघत. त्याचं पाळण्यातलं नाव घरात कुणी घेतलंच नाही कधी, शाळेच्या दाखल्यावर आणि बोलावण्याच्या कागदावर तेवढं होतं. आमच्या आडनावाचे त्या यादीत तिघे होते. मी एकेक अक्षर उचललं, पट्टीत बसवलं, अंगठ्यानं सरळ केलं, आणि मला कळलं नाही. आईला कळलं नाही.

यादीच्या कोपऱ्यात तुझी सही आहे. खाली तारीख आहे, ९ फेब्रुवारी. तुझं पत्र ११ चं आहे. मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं.

एकच विचारते. नकाशा कचेरीला तू दोनदा लिहिलं होतंस, मग तो खंदकात काय करत होता? एका ओळीत उत्तर दे. व्यापक अंगाने नको.

*

४ मार्च

अक्के,

लिहिलं नव्हतं. पहिल्यांदाही नाही, दुसऱ्यांदाही नाही.

एका ओळीत एवढंच. पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नकोस.

बसलो होतो लिहायला, दोन्ही वेळा. 'माझा भाचा' एवढं लिहिलं की हात थांबायचा. ज्याच्या सांगण्यावरून दुसऱ्यांची मुलं गेली, त्यानं आपल्यापुरता शब्द टाकायचा? मला तो अप्रामाणिकपणा वाटला. एवढा एक अप्रामाणिकपणा केला असता तर आज बोका कुठल्या तरी टेबलाशी वाकून नद्या रंगवत असता. त्याचं मला आलेलं पत्र सोबत ठेवतो. मी त्याला उत्तर दिलं नाही. काय देणार होतो? किती दिवसांनी विरघळते ते मला माहीत नव्हतं.

नऊ तारखेला ते नाव दिसलं तेव्हा पेन खाली ठेवून उठलो, खोलीत फेऱ्या मारल्या आणि परत येऊन सही केली. ती का केली ते आजही सांगता येत नाही. त्याच यादीत बाकी त्रेसष्ट नावं होती, तेवढीच असती तर सही केलीच असती, एवढंच आठवतं. मग तुला लिहायला घेतलं. अक्के, मला वाक्य सुचेना. कागदावर जे उतरलं ते सगळं त्या परिच्छेदातलं होतं. सहा कागद फाडले. दुसरं काही येतच नाही मला. शेवटी खोलीचं लिहिलं.

सकाळी शिंका येतात तेव्हा मी मोजतो. काल सहा आल्या आणि सातवीसाठी खिडकीशी उभा राहिलो.

आता जे लिहितो त्यावर रागावू नकोस. पुस्तकाची चौथी आवृत्ती निघते आहे. ती मागे घ्यावी असं मनात येतं. मग वाटतं, मी मागे फिरलो तर बोका कशासाठी गेला? पुस्तक खोटं ठरलं तर त्याचं मरण फुकट जातं, आणि ते मला सोसणार नाही. म्हणून मनात आहे की ही आवृत्ती त्याला अर्पण करावी. पहिल्या पानावर त्याचं नाव, पूर्ण नाव. तुझी संमती हवी. आणि ते पान तुझ्याच हातून जुळलं जावं. नाही म्हणू नकोस.

तुझा पंडित

*

१२ मार्च

पंडिता,

बोक्याचं पत्र वाचलं. आईला दाखवू नका म्हणाला होता, तेवढं तू तीन महिने पाळलंस. तडकलेल्या काचेचं वाचून मी छापखान्यातल्या मोरीत जाऊन रडले. बाकीचं वाचून रडू आलं नाही.

तू म्हणतोस, पुस्तक खोटं ठरलं तर त्याचं मरण फुकट जातं. ते फुकटच गेलंय. मी त्याची आई आहे आणि मला ते सोसावं लागतंय, सोसतेय. तुला सोसत नाही म्हणून तू चौथी आवृत्ती काढणार? ती कोण वाचणार आहे? आज ज्यांना मिसरूड फुटतंय ती मुलं. त्यांच्या आयांना मग पाचवी आवृत्ती लागेल. तुला सोसावं म्हणून किती जणांनी मरायचं रे?

नाही. त्याचं नाव तुझ्या पुस्तकावर जाणार नाही. माझ्या हातून नाही, आणि दुसऱ्या कुणी जुळवलं तर तुला बहीण नाही.

आज गुरुवार. शिवणकामवाली आली आणि नेहमीसारखी दारात उभी राहिली. मी म्हटलं, "आत या. उत्तर आलंय." तिला दगडापाशी नेलं, परिच्छेदाचा दोरा सोडला आणि म्हटलं, "ही जुळणी मोडायची आहे, हात लावा." तिला खण कुठला कशाचा ते माहीत नव्हतं. मी खिळा हातात द्यायची, बोट दाखवायची, ती टाकायची. 'अर्थ' मोडला तेव्हा तिनं विचारलं, "आता याचं काय होईल?" मी सांगितलं, काही नाही, उद्या कुणाच्या तरी साबणाच्या जाहिरातीत लागेल. ती हसली. इतक्या गुरुवारांत पहिल्यांदा पाहिलं मी तिला हसताना. मालक धावत आले, पण आम्हा दोघींकडे बघून तसेच मागे फिरले. चष्मेवाल्या काकांनी दार लावून घेतलं.

उद्या मालक मला काढतील किंवा ठेवतील. मंत्रालय दुसरा परिच्छेद मागवेल, हेही मला माहीत आहे. तो तू लिहू नकोस. एवढंच मागते. त्यांना दुसरा कुणी मिळेलच, पण तो माझा भाऊ नसेल.

एक्केचाळिसावं पत्र आम्ही छापलं नाही. त्याच्यावर माझाच पत्ता होता, आणि मला कळलेलं होतं. ती नावाची ओळ मी त्याच दिवशी काढून घेतली. छापखान्यातले सगळे खिळे आपापल्या खणात परत गेले, एवढेच गेले नाहीत. दोऱ्यानं बांधून या पाकिटात घातलेत. जपून उघड, सांडतील.

त्याला शाई लावू नकोस. कागदावर उमटवू नकोस. तुला उलटं वाचता येतं, मीच शिकवलंय. उद्या वर्गात घेऊन जा. हजेरी घेताना हातात धर आणि एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाच. मी वाचलं नव्हतं, आणि तू वाचून सही केलीस, तेव्हा एकदा तरी कुणी तरी ते नीट वाचायला हवं.

वाचून झालं की गप्प उभा राहा. मान वर करू नकोस. कोण हजर म्हणतं ते ऐक, आणि मग मला लिही.

अक्का